बुजवलेला चर

४ मार्च २०२५
कोक-कोनुश, पहिली गल्ली

बाइके,

रिवाजाप्रमाणे आधी तुमची, मग मुलांची, मग गुराढोरांची खुशाली विचारायला हवी. गुरं तुमच्याकडे नाहीत, मुलं परदेशात आहेत आणि तुम्ही ठणठणीत आहात हे पुस्तिकेतल्या फोटोवरून दिसतंच आहे. तेव्हा तो भाग उरकला असं समजा.

फोन केला की तुम्ही मीटिंगमध्ये असता. चार दिवसांत नऊ मीटिंगा, तेही निवृत्त माणसाच्या! म्हणून हे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे. पोचपावतीवर सही करावी लागते, मग मिळालंच नाही म्हणता येत नाही. एकाच शहरात राहून सख्ख्या मोठ्या भावाला पोस्टाने पत्र लिहिणारी बिश्केकमध्ये मी एकटीच असेन.

'कोक-कोनुशची पस्तीस वर्षं' ही तुमची पुस्तिका घरोघर वाटली गेली. मी आईला, आपल्या अपाला, वाचून दाखवली. पान तीन: 'तणाने भरलेल्या ओसाड माळावर आम्ही वस्ती उभारली.' ओसाड? तिथे लसूण होता, बाइके. वीतभर वाढलेला, ओळीत लावलेला, सरकारी फार्मचा. तुम्ही पुढे दोरी ताणत होतात आणि मी मागून खुंट्या घेऊन तो लसूण तुडवत चालले होते. आठवडाभर माझ्या बुटांना वास येत होता. आपल्याला जागा हवी होती, याची मला लाज नाही. चार बिऱ्हाडांत एक स्वयंपाकघर आणि त्या एका कोपऱ्याचं भाडं, अशी आपली माणसं आपल्याच राजधानीत राहत होती. पण जागा हवी होती म्हणून घेतली असं लिहा ना! लसणाला तण कशाला म्हणता?

पान पाच: 'पहिला खुंटा मी ठोकला.' हे वाचल्यावर अपाने मला थांबवलं आणि विचारलं, "कोणी ठोकला?" मी पुन्हा वाचलं. ती म्हणाली, "बरं." एवढंच. आजोबांचा घोडा बांधायचा तो लोखंडी खुंटा तिने नारीनहून गोणीत घालून आणला होता. समोर पोलीस उभे होते आणि तुम्ही तिला म्हणालात, "अपा, तू ठोक, म्हातारीच्या अंगाला हात लावणार नाहीत." तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. तिने आधी तुमच्या पाठीत धपाटा घातला आणि मग खुंटा ठोकला. सगळी वस्ती हसली होती. पोलीससुद्धा.

पण मी पत्र लिहिते आहे ते पान अकरासाठी. 'वस्तीत वर येणारं पाणी हा निसर्गाचा कोप आहे.' बाइके, माझ्या तळघरात बटाटे तरंगताहेत. समोरच्या बुबुसाराच्या भिंतीला कमरेपर्यंत लोणा चढलाय, हात लावला की माती पिठासारखी गळते. चारशे घरं, सगळी कच्च्या विटांची, आणि सगळी खालून भिजताहेत. पाणीखात्याची इंजिनिअर बाई आली होती, लारिसा नावाची. तिने चार ठिकाणी भोकं पाडली आणि म्हणाली, "इथे पूर्वी निचऱ्याचा चर असणारच. नाहीतर लसूण उगवलाच नसता." फार्मचे नकाशे फार्मबरोबर गेले. आता तिला दोन गोष्टी हव्या आहेत. चर होता, असं वस्ती-कमिटीच्या पहिल्या अध्यक्षाने लिहून द्यायचं. आणि ज्या अकरा प्लॉटांखालून तो जातो त्यांच्या मालकांनी चर उकरायला संमती द्यायची. नऊ जणांनी सह्या केल्या आहेत. त्यांच्या नुसत्या परसातून जातो.

अध्यक्ष तुम्ही. प्लॉट नंबर एक तुमचा. चराचं तोंड तुमच्या त्या घराखाली आहे, ज्याला कुलूप लावून तुम्ही नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलात. मे महिन्यात डोंगरावरचं बर्फ वितळलं की पाणी आणखी चढेल, त्याच्या आत लिहून पाठवा. एक ओळ पुरे.

बुरुल


१९ मार्च

बाइके,

तुमचं उत्तर जेनेच्या आवाजात पोचलं. "ते म्हणतात, चर-बिर काही नव्हता, साधा खड्डा होता. आणि बुरुल, सणाच्या तोंडावर हे कशाला गं उकरतेस?" वहिनीचा काय दोष! तुम्ही बोललात, तिने पोचवलं. परवा नूरूझ आहे, सगळी गल्ली एका कढईत अंकुरलेल्या गव्हाचं सुमोलोक ढवळणार. कढई या वर्षी विटांवर ठेवावी लागेल, कारण अंगणात चूल पेटत नाही. जमीन ओली आहे.

आणि सणाच्या तोंडावर काय झालं ते ऐका. काल सकाळी तोलोगोनची मागची भिंत बसली. तोच तोलोगोन, जो तुमच्याबरोबर पोलिसांची काठी खाऊन आला होता. त्याची बायको दूध आणायला गेली होती म्हणून वाचली. तिची उशी मातीखालून काढली. तोलोगोन मला म्हणाला, "तुझ्या भावाला सांग, पुढच्या पुस्तिकेत माझी भिंतही घाल. निसर्गाच्या कोपात."

साधा खड्डा म्हणता? मग आठवण करून देते.

नव्वदच्या मे महिन्यातला रविवार. तुम्ही अशारची हाक दिली होती. अशार म्हटला की मजुरीचं नाव नाही, माणसं आपापली फावडी घेऊन येतात आणि हाक देणाऱ्याने जेवू घालायचं. दोनशे माणसं आली. मी आणि अपा तीन कढयांत कणकेचे बोरसोक तळत होतो. अकॉर्डियन वाजत होतं. चर दोन पुरुष खोल होता, काठाला बोरू वाढलेले, तळ कोरडा. तुम्ही म्हणालात, "मेलेला कालवा आहे, बुजवा." आपण डोंगरातली माणसं, बाइके. आपल्याकडे पाणी वरून खाली धावतं, डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं. जमिनीच्या पोटातून वर चढणारं पाणी आपल्या सात पिढ्यांनी पाहिलं नव्हतं. ज्यात पाणी नाही तो चर कशाला हवा, असं आपल्या सगळ्यांना वाटलं. मलासुद्धा वाटलं. इथवर मी तुम्हाला दोष देत नाही.

मग सायकलवरून इसमार-अता आला. फार्मचा पाटकरी, चिनी वंशाचा दुंगान म्हातारा, डोक्यावर पांढरी टोपी. सायकल काठावर टेकवली आणि दोन्ही हात वर करून ओरडायला लागला.

"पोरांनो, थांबा! हा पाणी आणायचा चर नाही. हा पाणी न्यायचा आहे!"

"कुठलं पाणी, अता? ठणठणीत कोरडा आहे की," तुम्ही म्हणालात.

"तळाला पाइप आहे. कोरडा आहे, कारण तो काम करतोय!"

कोणीतरी ओरडलं, "लसूण गेला म्हणून म्हाताऱ्याच्या पोटात दुखतंय!" सगळे हसले. तो खाली उतरून चरात उभा राहिला. तुम्ही त्याला दंडाला धरून वर काढलंत. नीट, सांभाळून काढलंत हे मान्य करते. आणि मग त्याची सायकल उचलून चरात टाकलीत. "पाणी आलं की हिच्यावर बसून ये सांगायला, अता." टाळ्या पडल्या. वरून दोनशे फावडी चालली आणि अकॉर्डियन थांबलंच नाही.

ही गोष्ट पुस्तिकेच्या कुठल्या पानावर आहे? मला सापडली नाही.

बुरुल


७ एप्रिल

बाइके,

माझ्या दुसऱ्या पत्राची पोचपावती आली. तुमची सही मला ओळखू येते, मीच तुम्हाला लफ्फेदार करायला शिकवली होती. उत्तर नाही. उलट तुमच्या माणसांनी येऊन कुलूपबंद घराचं फाटक निळं रंगवलं आणि फाटकाजवळच्या अपाच्या खुंट्याभोवती काचेची पेटी बसवली. पाच मेला तिथे फीत कापणार म्हणे. पेटीच्या आत ओल धरली आहे, खुंटा काचेतून दिसतच नाही.

मी काल दुंगान गावात जाऊन आले. इसमार-अता एकोणीस वर्षांपूर्वी गेला. त्याची मुलगी हेलिमा आहे, माझ्याच वयाची. बांधावर बसून जुसायची लसणीसारखी पात कापत होती. मी नाव सांगितलं, वस्तीचं नाव सांगितलं. तिने सुरी थांबवली नाही.

"चरवाले का तुम्ही?" तिने विचारलं.

पस्तीस वर्षं त्या घरात आपलं हे नाव आहे, बाइके. चरवाले.

मग तिने मला घरात नेलं, जेवू घातलं. लग्मन होता, हाताने ओढलेल्या जाड शेवयांचा, आंबट-तिखट, वर जुसाय. ती म्हणाली, "बाबा दर वसंतात चालत तुमच्या वस्तीच्या टोकापर्यंत जायचा. घरी येऊन सांगायचा, अजून चढलं नाही, अजून चढलं नाही. नव्वदनंतरच्या चौथ्या वर्षी आला आणि काही बोललाच नाही. तेव्हा आम्हाला कळलं." मी तिला विचारलं, त्याला बरं वाटलं असेल ना, आपलंच खरं झालं म्हणून? "पाटकरी होता तो," ती म्हणाली. "पाणी चुकीच्या जागी गेलं की त्याला झोप लागायची नाही."

आता मी जे लिहिणार आहे ते लिहायला मला तीन पत्रं लागली.

त्या रविवारी म्हातारा पायी परत निघाला. मला वाईट वाटलं म्हणून मी रुमालात बोरसोक बांधून त्याच्या मागे धावले. त्याने घेतले. म्हणाला, "मुली, तू शिकलेली दिसतेस. तीन-चार वर्षांत पाणी वर येईल. आधी भिंतीला मीठ फुटेल, मग भिंत बसेल. माती अजून भुसभुशीत आहे, आठवड्याभरात उकरता येईल. तुझा भाऊ माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल. सांग त्याला." मी हो म्हणाले. बाइके, मी त्याला शब्द दिला.

परत आले तेव्हा तुम्ही चहा पीत यादी वाचत होतात. लग्न न झालेल्या मुलींना प्लॉट नाही असं कमिटीचं ठरलं होतं. माझं नाव कुठेच नव्हतं. मग तुम्ही म्हणालात, "चर बुजवल्यामुळे अकरा प्लॉट जास्तीचे निघाले. नंबर नऊ, बुरुल." सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवलात. बावीस वर्षांची शिवणकारखान्यातली मुलगी होते मी, आठ जणींच्या खोलीत राहणारी. मला माझं स्वतःचं दार मिळत होतं.

मी तुम्हाला चहा ओतला. तोंड उघडलं नाही. आठवडा गेला, माती बसली, मी विटा पाडायला घेतल्या.

दोन घरं थेट चरावर आहेत. एक तुमचं, एक माझं. नऊ सह्या झाल्या असं मी चार मार्चला लिहिलं, दहावी कोणाची राहिली ते लिहिलं नाही. माझी राहिली होती. मी तुमच्यावर आग पाखडत होते आणि लारिसाचा कागद माझ्या शिवणयंत्राच्या खणात घडी घालून पडला होता. तुमचा राग येतो तो खराच आहे, एक शब्दही मागे घेत नाही. पण त्यातला अर्धा राग तुमच्या पत्त्यावर का पाठवत होते, ते आता तुम्हाला कळलं असेल.

आज तो कागद घेऊन पुन्हा गेले आणि सही केली. हेलिमाच्या ओट्यावर, तिच्याच पेनाने.

बुरुल


२३ एप्रिल

बाइके,

माझं घर आता नाही.

अपाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "छप्पर आधी काढ, चांगलं लाकूड आहे." मी अशारची हाक दिली. वाटलं होतं पाच-सहा जण येतील. सत्तर आले. तोलोगोन सर्वांत पुढे, पहार घेऊन. दोन दिवसांत भिंती उतरल्या. जी खिडकी मी पस्तीस वर्षं दर वसंतात रंगवली ती बुबुसाराने न फोडता काढून दिली, मग मी तिच्या गळ्यात पडून रडले. मनसोक्त रडले, हे तुम्हाला सांगायला मला काही वाटत नाही.

आता मी आणि अपा अंगणात तंबूत राहतो, नव्वदमध्ये राहत होतो तसेच. अपा खूश आहे. म्हणते, विटांच्या घरात तिला कधी नीट झोपच लागली नाही.

जमिनीखाली दोन पुरुष खोल गेल्यावर फावडं लोखंडाला लागलं. सायकल होती. चाकं गळून गेली होती, पण सांगाडा, हँडल आणि घंटी शाबूत. त्याच्या हातभर खाली पाइप, मातीने बंद झालेला. लारिसाने सायकलचा फोटो काढला आणि म्हणाली, "आता अध्यक्षांच्या ओळीची गरज नाही. खड्ड्यात कोणी पाइप घालत नाही." मी सायकल धुतली आणि हेलिमाकडे नेली. तिने घंटी दाबून पाहिली. वाजली नाही. मग तिने ती आत नेली आणि दार लावून घेतलं. मी बराच वेळ बाहेर उभी होते, नंतर परत आले.

दहा प्लॉटांतून चर उघडला आहे. पाणी वाहतं आणि तुमच्या निळ्या फाटकाशी येऊन तुंबतं. दिवसागणिक चढतं आहे. वरच्या गल्लीत पाणी उतरू लागलं होतं, ते आता थांबलं. लारिसा म्हणते, शेवटचं तोंड उघडलं नाही तर हे आधीपेक्षा वाईट होईल. माझं घर मी फुकट पाडल्यासारखं होईल.

तुमच्या वकिलाचा कागद मिळाला. 'खाजगी मालमत्तेत पाऊल ठेवल्यास कारवाई.' अपाला वाचून दाखवला. तिने विचारलं, "शायलोबेकने हे स्वतः लिहिलं?" मी म्हटलं, वकिलाने लिहिलं. "पण सही?" सही तुमची होती. लफ्फेदार.

पाच मेला तुम्ही येणार आहातच. फीत नंतर कापा, आधी कुलूप काढा. शेवटचं मागते आहे.

बुरुल


६ मे

बाइके,

काल तुमचं भाषण शाळेच्या सभागृहात झालं. चिखलामुळे फीत कापायला पहिल्या गल्लीत यायचं रद्द केलंत, असं कळलं. सभागृह निम्मं रिकामं का होतं, ते तुम्हाला तिथे कोणी सांगितलं नसेल. मी सांगते.

सगळे तुमच्या फाटकाशी होते. नुसते उभे होते. तोलोगोनने पहार आणली होती, पण तीही कोणी उचलत नव्हतं. काहीही झालं तरी पहिलं घर, अध्यक्षांचं घर. मलाही हात पुढे करवेना. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं.

तंबूतून अपा आली. त्र्याऐंशी वर्षांची, रबरी बूट घातलेली. काचेच्या पेटीचं झाकण काढलं, खुंटा दोन्ही हातांनी धरला आणि हलवायला लागली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "बाजूला हो. मी ठोकला, मीच काढणार." जमीन इतकी भिजली होती की खुंटा चिखलातून चमच्यासारखा वर आला. तिने तो बगलेत धरला आणि तोलोगोनकडे पाहिलं. "बघता काय? खणा."

तुमचं अंगण गेलं, फाटक गेलं, पुढची खोली गेली. मागची दोन दालनं शाबूत आहेत, कोणी वीटही हलवली नाही. दुपारी चारच्या सुमाराला पाइपाचं तोंड सापडलं. तोलोगोनने पहार घातली, आधी काळा चिखल आला, मग पाणी आलं. शंभरेक माणसं काठावर होती आणि एकानेही टाळी वाजवली नाही. सगळे नुसते ऐकत होते. हेलिमा आली होती, जुसायच्या दोन टोपल्या घेऊन. तिने वाकून हात पाण्यात घातला, टोपीवाल्या म्हाताऱ्याने घातला असता तसाच, आणि म्हणाली, "जातंय."

आज सकाळी बुबुसाराच्या तळघरात पाणी वीतभर उतरलं.

खुशाल कारवाई करा. पोलीस आणा. तुमच्याकडे कागद आहे, आमच्याकडे काही नाही, हे मला माहीत आहे. नव्वदमध्येही आमच्याकडे कागद नव्हता. होती ती फावडी, तीन कढया बोरसोक आणि एक खुंटा ठोकणारी बाई. दुसऱ्याची जमीन कशी घ्यायची ते आम्ही तुमच्याकडूनच शिकलो, बाइके. फक्त या वेळी लसूण तुडवला नाही.

खुंटा याच पार्सलमध्ये आहे. अपाने स्वतः तेल लावून फडक्यात गुंडाळला. निरोप लिहू का विचारलं तर तिने आधी फडक्याची गाठ पक्की केली. मग म्हणाली, "लिही, नवव्या मजल्यावर हा कुठेच ठोकता येणार नाही. घेऊन ये म्हणावं. मला अजून जोर आहे, दुसरीकडे ठोकू."

बुरुल